लायसन्सची फी : शून्य रुपये

शनिवारची सकाळ. आठवडाभर रखडलेला रिलीज शुक्रवारी रात्री दोन वाजता एकदाचा मार्गी लागला होता, त्यामुळे अकरापर्यंत झोपायचा पक्का बेत होता. साडेआठलाच फोन वाजला. अमरावतीचा कॉलेजातला मित्र, गेली पंधरा वर्षं अमेरिकेत. तिकडे रात्र असणार, म्हणजे काहीतरी गंभीर असेल म्हणून दचकून उचलला, तर साहेब भडकलेले होते ते हरणाच्या लायसन्सवर.

झालं होतं असं. हा आधी विस्कॉन्सिनमध्ये राहायचा. तिथे शेजाऱ्यांच्या नादाने त्याला नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा छंद लागला. (आमच्या मेसमध्ये अंड्याला हात न लावणारा प्राणी हा! असो.) तिथल्या रहिवाशाला बंदुकीने हरीण मारायच्या लायसन्सची फी २४ डॉलर. गेल्या वर्षी नोकरी बदलली आणि तो नदीपलीकडे मिनेसोटात राहायला गेला. शिकारीला मात्र जुन्या मित्रांबरोबर जुन्याच जंगलात जायचं होतं. आता तो विस्कॉन्सिनच्या दृष्टीने बाहेरचा. फी २०० डॉलर!

"अरे तेच जंगल, तेच हरीण, तोच मी. फक्त पत्ता बदलला, तर आठपट? लूट आहे नुसती!"

मी जांभई देत त्याचं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "तुमच्या यवतमाळात काय रेट आहे रे?"

मी म्हटलं, "शून्य."

"वा! मजा आहे."

फोन ठेवला खरा, पण ते 'मजा आहे' डोक्यातून जाईना. झोप उडाली ती उडालीच. म्हणून हा लेख. आज जरा कडू लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

*

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आली हेही. पण तो कायदा झाला तेव्हा त्यात शिकारीची लायसन्सं होती. चक्क चार प्रकारची : खास शिकारीचं, मोठ्या शिकारीचं, लहान शिकारीचं आणि जनावरं पकडण्याचं. वाघाची शिकार १९७० पासूनच बंद होती, बाकी बऱ्याच जनावरांसाठी लायसन्सची खिडकी १९९१ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात उघडी होती. १९९१ च्या दुरुस्तीने कलम ९ पूर्ण बदललं आणि छंद म्हणून, खेळ म्हणून शिकार करण्याचा मार्ग बंद झाला. बरं झालं. त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

उरलं ते कलम ११. एखादं जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झालं, तर वनखातं ते मारायची परवानगी देऊ शकतं. वाघबिबट्यासाठी वेगळे कडक नियम, ते फक्त माणसाच्या जिवावर उठले तरच. रानडुक्कर आणि रोही (पुण्यामुंबईकरांसाठी : नीलगाय. नावात गाय आहे, पण ती गाय नाही, काळविटाच्या कुळातली आहे) यांच्यासाठी पीक हे कारण चालतं. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली शासन निर्णय काढून ही परवानगी सोपी केली. शेतकऱ्याने अर्ज द्यायचा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने २४ तासांत निर्णय द्यायचा. फी नाही.

म्हणजे मित्राला सांगितलं ते खरं होतं. शून्य.

आता माझ्या काकाजींच्या शून्याचा हिशेब सांगतो.

*

राळेगाव आणि पांढरकवडा यांच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. काकाजी अडुसष्ट वर्षांचे. नऊ एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन आणि दोन एकर निव्वळ तूर. घरात आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आहे, लायसन्सची. हसू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. संसदेने कधीतरी आमच्या आजोबांचा विचार केला होता.

नोव्हेंबर २०२४. तुरीला शेंगा भरत होत्या. रोह्यांचा कळप रोज रात्री यायला लागला. रोही नुसतं खात नाही, ते शेंडे खुडतं, बाकीचं तुडवतं आणि तिथेच बसतं. त्यात डुकरं. काकाजी जागलीला जायचे. जागल म्हणजे काय ते सांगतो. रात्री आठला भाकर बांधून शेतात जायचं, मचाणावर बसायचं, डबा बडवायचा, फटाका वाजवायचा, टॉर्च मारायचा आणि सकाळी सहाला घरी येऊन आठला पुन्हा कामाला लागायचं. आपल्याकडे याला ऑन-कॉल सपोर्ट म्हणतात आणि वेगळा भत्ता देतात.

सहा रात्री झाल्यावर काकाजींनी परवानगीसाठी अर्ज केला. कचेरी कुठली, अधिकारी कोण, ते लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे एवढा मोठा परिसर आणि हाताखाली चार माणसं. पहिल्या खेपेला साहेब फिरतीवर. दुसऱ्या खेपेला सातबारा नवा हवा आणि नुकसानीचे फोटो हवेत. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच दिली. परवानगीचा कागद हातात आला तो पहिल्या खेपेपासून अकराव्या दिवशी. २४ तास हे कागदावरचे. त्यांची मोजणी अर्ज स्वीकारल्यावर सुरू होते आणि अर्ज कधी स्वीकारायचा हे ज्याच्या हातात, त्याचंच घड्याळ.

आता खरी गंमत. कागद मिळाला. बंदूक कुठे होती?

पोलीस ठाण्यात!

विधानसभेची निवडणूक होती ना. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली, तेव्हाच लायसन्सवाल्या बंदुका जमा करायचा निरोप आला होता. आमच्या काकाजींनी १९६० च्या आसपासची ठासणीची बंदूक घेऊन मतदान केंद्र ताब्यात घेऊ नये म्हणून. मी फोनवर हसत सुटलो. काकाजी हसले नाहीत. ते म्हणाले, "बाबू, रोह्याले कोनी सांगत नाही का आचारसंहिता लागली म्हणून?"

मला सवय आहे, मी एक्सेल उघडलं. तीन खेपा, जाण्यायेण्याचे प्रत्येकी १०० रुपये, म्हणजे ३००. तीन दिवसांची बुडालेली मजुरी ४०० प्रमाणे १,२००. झेरॉक्स, फोटो, सातबारा मिळून १५०. झाले १,६५०. आणि त्या अकरा दिवसांत जी तूर गेली ती अंदाजे तीन क्विंटल. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये, म्हणजे २२,६५०. एकूण २४,३०० रुपये. त्या वेळच्या ८४ च्या भावाने साधारण २९० डॉलर.

विस्कॉन्सिनच्या बाहेरच्या माणसाला २०० डॉलर पडतात. यवतमाळच्या आतल्या माणसाला २९० पडले. जागलीच्या रात्री मी धरलेल्याच नाहीत. त्यांचा रेट काय लावणार?

आणि एक फरक राहिलाच. माझ्या मित्राने हरीण मारलं की त्याचा फ्रीज भरतो, पुढचे सहा महिने घरी तेच शिजतं. काकाजींनी परवानगी घेऊन डुक्कर मारलं असतं, तर कलम ३९ प्रमाणे ते मेलेलं डुक्कर सरकारच्या मालकीचं. जिवंतपणी तूर खातं तेव्हा ते कोणाचंच नसतं, नुसतं वन्यजीव असतं. मेलं की लगेच सरकारी होतं.

*

आता कोणी म्हणेल, हा कारभाराचा प्रश्न झाला, एखादं पोर्टल बनवा, सुटेल. (आपल्या लोकांना प्रत्येक दुखण्यावर पोर्टल सुचतं. मलाही सुचलं होतं.) पण मला वाटतं दुखणं फीच्या तत्त्वातच आहे. म्हणून पुन्हा विस्कॉन्सिनला जाऊ.

मित्राला लूट वाटते ती फी नीट बघा. रहिवाशाला २४ आणि बाहेरच्याला २०० का? कारण सरळ आहे. हरीण वर्षभर रहिवाशाच्या मक्यात चरतं, त्याच्या गाडीला धडकतं, त्याच्या करातून त्या जंगलाची राखण होते. तो आपला वाटा आधीच भरून बसलेला आहे. बाहेरचा येतो चार दिवस मजा करायला, त्याने रोख मोजावेत. १९७८ साली मोंटाना राज्यातल्या एल्कच्या लायसन्सवरून खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि बाहेरच्यांना कितीतरी जास्त फी लावणं घटनेत बसतं असा निकाल लागला. शिवाय १९३७ पासून तिथे बंदुका आणि काडतुसांवर खास कर आहे, तो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. म्हणजे ज्याला जंगलाची हौस, त्याच्या खिशातून जंगलाचा खर्च.

तिथली शिकार मला आवडते असं नाही. पण हिशेबाची दिशा बरोबर आहे. जो जनावरांबरोबर राहतो त्याला स्वस्त, जो लांबून येतो त्याला महाग.

आपल्याकडे ही दिशा बरोब्बर उलटी आहे. रहिवासी सगळं भरतो. बाहेरचा काही भरत नाही. आणि बाहेरचा म्हणजे कोण? मी. तुम्ही. आपण सगळे, जे कोथरूड, पवई आणि गुरगावात बसून वाघ वाचवतो.

*

२०१८ आठवतंय? अवनी. वनखात्याच्या कागदात टी-१.

राळेगाव आणि पांढरकवड्याच्या पट्ट्यात २०१६ पासून दोन-सव्वादोन वर्षांत तेरा माणसं गेली, आणि त्यांच्या मृत्यूंना ही वाघीण जबाबदार धरली गेली. प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. आधी बेशुद्ध करून पकडा, नाहीच जमलं तर मारा, असा तो आदेश होता. मग काय काय नाही आलं आमच्या रानात! हत्ती आले. त्यातला एक पिसाळून पळाला आणि त्याच्या पायाखाली एक बाई गेली. परदेशी जातीचे शिकारी कुत्रे आले. पॅराग्लायडर आला. थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन आले. वाघिणीला भुलवायला कॅल्विन क्लाईनचा पुरुषी परफ्यूम शिंपडला गेला. हे मी रचून सांगत नाही, जगभरच्या पेपरांत छापून आलं होतं. हैदराबादहून शफाअत अली खान यांची शिकाऱ्यांची टीम आली आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात त्यांच्या मुलाच्या गोळीने वाघीण मेली. रात्री का, डॉक्टर सोबत का नव्हते, बेशुद्ध करायचा प्रयत्न खरंच झाला का, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनेही ताशेरे ओढले. ते प्रश्न योग्यच होते. नियम मोडून मारणं हा न्याय नव्हे, हे मी आजही म्हणतो.

पण मी तेव्हा काय करत होतो ते सांगतो.

मी पुण्यात होतो. ऑनलाईन अर्जावर सही केली होती. प्रोफाईल फोटोच्या जागी वाघिणीचं चित्र लावलं होतं. ३ नोव्हेंबरला सकाळी बातमी कळली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. ऑफिसच्या ग्रुपवर मी एक लांबलचक इंग्रजी मेल लिहिली, माणूस हाच खरा नरभक्षक वगैरे. बऱ्याच जणांनी वाहवा केली. संध्याकाळी काकाजींचा फोन आला.

"बाबू, वाघीण मेली."

"हो काकाजी, वाचलं मी. फार वाईट झालं."

पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "हो, वाईट झालं. जनावर भलं होतं. पन आता उद्यापासून कापूस वेचाले बाया येतीन."

बस, एवढंच. ते आनंदात नव्हते. पेपरात फटाके फोडल्याच्या, पेढे वाटल्याच्या बातम्या आल्या होत्या, काकाजी त्यातले नव्हते. पण दोन हंगाम आमच्या शेतात वेचणीला बाया येत नव्हत्या. आल्या तर दहा-बाराच्या घोळक्याने, दहा वाजता येऊन चारला परत. फुटलेला कापूस झाडावर लोंबत राहायचा, पावसाने भिजायचा, पिवळा पडायचा. शेळ्या चारायला पोरगं पाठवायची सोय नव्हती. पोडावरच्या कोलाम बाया सरपणाला जायच्या बंद झाल्या, जायच्या त्या जीव मुठीत धरून. ही किंमत कुठल्या अर्जात होती? माझ्या मेलमध्ये होती? माझं स्वतःचं घर तिथून पाऊण तासावर, आणि मला काकाजींना फोन करून 'कसं चाललंय' एवढं विचारायचं सुचलं नव्हतं.

मी त्या रात्री प्रोफाईल फोटो बदलला. ते सोपं होतं. ती मेल मात्र अजून कुठल्यातरी सर्व्हरवर पडलेली आहे.

*

आता दुसऱ्या टोकाचे लोक. त्यांचाही समाचार घेतला पाहिजे, नाहीतर ते या लेखाच्या लिंका फिरवतील.

हे लोक म्हणतात, बाजार खुला करा. लायसन्स काढा, लिलाव करा, परदेशी शिकाऱ्याला एका जनावराला हजारो डॉलर लावा, पैसा गावाला द्या. आफ्रिकेत चालतंच की. आमचा मित्रही पुढच्या वाक्यात हेच म्हणाला असता.

दोन अडचणी. पहिली, लिलाव झाला की भाव वाढतो आणि भाव वाढला की माल कोणासाठी राखला जाणार? ज्याच्याकडे पैसा त्याच्यासाठी. रान काही दिवसांत पुन्हा पाहुण्यांचं होईल आणि गावातला माणूस हाकारा घालायला उरेल. आपल्याकडे हे होऊन गेलेलं आहे. इंग्रजांच्या काळात साहेब परमिट काढून मध्य प्रांत-वऱ्हाडच्या राखीव रानात शिकार करायचा, तो शिकारी. आणि फासे लावून तितर धरणारा फासेपारधी? त्याच्या पोटाचा धंदाच तो. त्याच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का. १८७१ च्या कायद्याने सुरू झालेला तो प्रकार १९५२ मध्ये कागदावरून गेला. गावोगावच्या लोकांच्या डोक्यातून अजून गेलेला नाही. एकच रान, एकच पक्षी, एकाच्या हातात परमिट आणि दुसऱ्याच्या हातात बेडी. लायसन्स महाग करण्याचा अर्थ शेवटी हाच असतो.

दुसरी अडचण, काकाजींना ट्रॉफी नको आहे. त्यांना तूर हवी आहे. जून २०१६ मध्ये बिहारमध्ये मोकामाला बाहेरून शिकारी बोलावून शेकडो रोही मारले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री एकमेकांशी जाहीर भांडले. देशभर दोन तट पडले. त्या भांडणात एकाही चॅनलवर, पुढच्या वर्षी त्या शेतकऱ्याचं पीक वाचलं का, हे मी पाहिलं नाही. मारणाऱ्यांना मारण्यात रस आणि वाचवणाऱ्यांना वाचवण्यात. तुरीत कोणालाच रस नाही.

*

यावर आपली शहरी मंडळी हमखास म्हणतात, "पण मग परवानगी महाग आणि कठीण आहे हे चांगलंच ना? तेवढी जनावरं वाचतील."

इथेच सगळ्यात मोठी चूक आहे. कायदेशीर वाट जितकी महाग, तितकी बेकायदेशीर वाट स्वस्त दिसते. आपण हे सॉफ्टवेअरमध्ये रोज बघतो. लायसन्सची प्रोसिजर किचकट केली की लोक सॉफ्टवेअर वापरणं सोडत नाहीत, क्रॅक शोधतात. शेतातला क्रॅक म्हणजे करंट. कुंपणाच्या तारेवर आकडा टाकायचा, रात्री वीज सोडायची, सकाळी काढून घ्यायची. अर्ज नाही, खेप नाही, अकरा दिवस नाहीत. तारेला डुक्कर आहे की रोही आहे की वाघ आहे हे कळत नाही. माणूस आहे हेही कळत नाही. विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आहेत आणि शेजारच्या शेतात निघालेले शेतकरीही मेले आहेत. दुसरा क्रॅक म्हणजे तारेचा फास. टिपेश्वरमधली एक वाघीण गळ्यात असाच फास रुतलेल्या अवस्थेत फिरत होती, जानेवारी २०२५ मध्ये तिला बेशुद्ध करून तो काढला. एप्रिल २०२१ मध्ये मुकुटबनच्या जंगलात तर वाघिणीला गुहेतच कोंडून मारलं आणि पंजे तोडून नेले. हे शेवटचं कृत्य पिकासाठी नव्हतं, त्याची गल्लत करू नका. पण ज्या गावात जंगल म्हणजे फक्त खर्च, तिथे असं कृत्य करणाऱ्याला अडवायला, त्याची खबर द्यायला कोण पुढे येईल?

म्हणून म्हणतो, काकाजींचा कागद महाग करून आपण रोही वाचवत नाही. आपण वाघ मारतो आहोत. सावकाश.

काकाजींना हे सगळं माझ्यापेक्षा चांगलं कळतं. एकदा मी विचारलं, वाघ असावा की नसावा? म्हणाले, "वाघ असला का डुकरं दबून राह्यते. पन वाघ असला का बाया येत नाही. आता तूच सांग." मी काय सांगणार. इतक्या स्वच्छ शब्दांत हा पेच मी कुठल्या अहवालात वाचलेला नाही.

*

वाघ वाढले आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. महाराष्ट्रात २००६ च्या गणनेत १०३ होते, २०२२ मध्ये ४४४. टिपेश्वर अभयारण्य उणंपुरं १४८ चौरस किलोमीटरचं. तिथे जन्मलेला एक वाघ २०१९ मध्ये जागा शोधत निघाला आणि शेतं, रस्ते, नाले ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याला 'वॉकर' नाव पडलं. त्याच्या गळ्यातल्या कॉलरने एकूण तीन हजार किलोमीटरच्या आसपास चाल नोंदवली. आपण सगळ्यांनी तो नकाशा कौतुकाने एकमेकांना पाठवला. त्या नकाशावरची रेघ कोणाकोणाच्या शेतातून गेली होती? अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं असेल, वाघाचं आणि रोह्याचं जंगल काकाजींच्या बांधापर्यंत आहे. ती जमीन काकाजींनी आपल्याला फुकट वापरायला दिलेली आहे, एवढं तरी मान्य करू.

मागच्या उन्हाळ्यात आमची टीम टिपेश्वरला सफारीला गेली होती. वाघ दिसला. जिप्सी, गाईड, रिसॉर्ट मिळून माणशी जे पडलं ते आम्ही पुण्यात एका शनिवारच्या जेवणावर उडवतो. परतताना मी काकाजींकडे गेलो. म्हणाले, "दिसला का?" म्हटलं, "दिसला." म्हणाले, "आमाले फुकट दिसते." आणि हसले.

फुकट!

*

तर मग करायचं काय? नुसतं ओरडून निघून गेलो तर तुम्ही म्हणाल हाही त्यातलाच. माझ्या मते चार गोष्टी.

एक. फीची दिशा उलटी करा. सफारीचं तिकीट, रिसॉर्टचा दर, यात बाहेरच्यांसाठी वेगळा चढा भाव हवा आणि तो पैसा अभयारण्याच्या कमानीवर खर्च न होता, ज्यांच्या शेतातून जनावरं ये-जा करतात त्यांना एकराच्या हिशेबाने मिळायला हवा. ताडोबाच्या बफरमधल्या काही गावांना पर्यटनाचा वाटा मिळतो. तो बफरच्या रेषेपाशी थांबतो, रोही थांबत नाही. भाव वाढला म्हणून आपण बोंब मारू, मारू द्या. माझा मित्रही मारतोय आणि तरीही २०० डॉलर भरून गेलाच.

दोन. परवानगीचा निर्णय गावाजवळ आणा. केरळने मे २०२२ मध्ये रानडुकरांच्या बाबतीत हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना दिला. तिथेही सगळं आलबेल नाही, पण निदान शेतकऱ्याला तीन खेपा मारून साहेब फिरतीवरून यायची वाट बघावी लागत नाही. आणि गोळी घालायचं काम अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्यावर किंवा हौशी पाहुण्यावर का? वनखात्याची पगारी, प्रशिक्षित पथकं असावीत, आचारसंहितेत ज्यांच्या बंदुका जमा होत नाहीत अशी.

तीन. मारण्याआधीचे उपाय खरोखर पोचवा. सौरकुंपणाला ७५ टक्के अनुदान देणारी जन-वन विकास योजना आहे. चांगली आहे. पण एकट्याच्या कुंपणाने रोही शेजाऱ्याच्या शेतात जातं, एवढंच होतं. शिवाराला मिळून एक कुंपण हवं. आणि नुकसानभरपाई हंगाम संपायच्या आत. माणूस गेला तर सरकार आता २५ लाख देतं, ते वाढत वाढत इथवर आलं हे चांगलंच झालं. पण रोज थोडी थोडी जाणारी तूर मरत नाही, त्यामुळे तिची बातमी होत नाही. दहा मिनिटांत दारात कोथिंबीर पोचवणारी सिस्टीम आपणच लिहिली आहे ना? मग दहा दिवसांत पंचनामा का नाही पोचत? कारण कोथिंबिरीचं गिऱ्हाईक आपण आहोत.

चार. हे आपल्यासाठी. वन्यप्राण्यांसाठी कुठल्याही अर्जावर सही करायची असेल, खुशाल करा. मीही करेन. पण सही करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा, या सहीची फी किती आणि ती कोण भरणार? उत्तर 'दुसरा कोणीतरी' असं आलं, तर निदान त्याला एक फोन करा.

*

मित्राला रात्री परत फोन केला. हा सगळा हिशेब ऐकवला, २९० डॉलरसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकाजींची बंदूक मिळाली का परत?"

मिळाली. निकालानंतर काही दिवसांनी काकाजी ठाण्यात जाऊन सही करून घेऊन आले. ती खेप मी एक्सेलमध्ये धरलेली नाही. तोवर तूर कापायला आली होती. उरलेली.

या वर्षी त्यांनी ते दोन एकर पडीक ठेवलेत. मी विचारलं का, तर म्हणाले, "पडीत राह्यलं त नुकसान कमी होते." नऊ एकरवाला माणूस स्वतःच्या हिमतीने हिशेब करून दोन एकर रोह्यांना सोडून मोकळा झाला. आपल्या भाषेत याला कन्झर्व्हेशन म्हणतात, परदेशात त्यासाठी शेतकऱ्याला पैसे मिळतात. काकाजींना काय मिळालं ते लेखाच्या शीर्षकात लिहिलं आहे.

चला, जेवायची वेळ झाली. आज वरण तुरीचंच आहे. किलोचा भाव विचारू नका, महाग झालीये म्हणून सकाळीच घरात कुरकुर झाली.